आधी वारा, मग वीट : वस्तीवरचं बाहेरचं स्वयंपाकघर

नगर जिल्ह्यात नवं घर बांधलं की आतल्या ओट्याला ग्रॅनाइट लागतं, टाइल्स छतापर्यंत चढतात आणि वास्तुशांत उरकली की घरामागे तीन दगड मांडून चूल पेटते. बाजरीची भाकरी, अंघोळीचं पाणी, जत्रेचं मटण, वैशाखातल्या कुरडयांचा चीक, दिवाळीचा फराळ ही सगळी कामं बाहेरच होतात. तरी या जागेचा नकाशा कुणी काढत नाही. वळीव आला की चुलीवर पत्रा धरायचा, वारा फिरला की डोळे चोळत दगड हलवायचे, पाण्यासाठी दहा वेळा मोरीपर्यंत जायचं. हा सगळा त्रास स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या वाट्याला येतो आणि वर्षानुवर्षं तो कुणाला त्रास वाटत नाही. माझ्या मते आतल्या ओट्याइतकाच विचार या जागेचा व्हायला हवा.

बाहेरचं स्वयंपाकघर बांधताना बहुतेक जण फरशी आणि पत्र्यापासून सुरुवात करतात. क्रम उलटा हवा. आधी वारा पाहायचा, मग पाण्याची वाट ठरवायची, मग तिथे बसणाऱ्या-उभं राहणाऱ्या माणसाचं माप घ्यायचं आणि वीट-फरशीचा हिशोब सगळ्यात शेवटी करायचा.

पुढची कृती १२ बाय १० फुटांच्या, दोन बाजूंनी भिंत आणि दोन बाजूंनी मोकळ्या अशा शेडसाठी आहे. शेतातल्या वस्तीवर ती सहज बसते. जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेतला, वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलीमीटर पावसाचा. त्याच भागासाठी ही मापं आहेत. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, रतनवाडी-घाटघरच्या अंगाला, पावसाळाभर धार लागलेली असते. तिथे तिसरी बाजूही बंद करा आणि जोतं आणखी एक फूट उचला.

साहित्य

- मुरूम : सुमारे साडेपाच ब्रास (काळी माती अडीच फूट खोल आहे असं धरून)
- सोलिंगचा काळा दगड : पाऊण ब्रास, जोत्याच्या कडेला घडीव दगड
- भट्टीच्या पक्क्या विटा : तुटफूट धरून अकराशे
- सिमेंट, वाळू, खडी : गवंड्याच्या हिशोबाने
- अडीच इंची चौकोनी लोखंडी पाईपचे खांब : ६, वरच्या सांगाड्यासाठी अँगल
- पत्रा : १४ बाय साडेचौदा फूट जागा झाकेल इतका, रबरी वॉशरच्या स्क्रूसह
- ओट्यासाठी कडप्पा : ६ बाय २ फूट, जमिनीला खडबडीत शहाबादी फरशी
- चुलीसाठी : चाळलेली पांढरी किंवा पिवळी माती, गव्हाचा भुसा, ताजं शेण, थोडी वाळू
- ४ इंची जी. आय. पाईप, टी-जोड, धुराड्याची टोपी
- लोखंडी जाळी, वाळूची बादली, २०० लिटरची टाकी, पन्हळ

१. धूर कुठे जातो ते पाहा

जागा निवडण्याआधी आठवडाभर सकाळी आणि दिवेलागणीला, म्हणजे ज्या वेळी चूल पेटते त्याच वेळी, मनात असलेल्या जागी ओलसर पालापाचोळ्याचा छोटा धूर करा. तो घरात शिरतो का, गोठ्यात जातो का, शेजाऱ्याच्या दारात जातो का, हे पाहा आणि कागदावर बाण काढून ठेवा.

आपल्याकडे पावसाळ्यात वारा साधारण पश्चिम-नैऋत्येकडून येतो आणि हिवाळ्यात पूर्व-ईशान्येकडून. म्हणजे घराच्या थेट पूर्वेला शेड टाकली तर हिवाळ्यात धूर घरात येतो आणि थेट पश्चिमेला टाकली तर पावसाळ्यात. घराच्या आग्नेयेला शेड असेल तर दोन्ही ऋतूंत धूर घराच्या बाजूने निघून जातो. स्वयंपाकघर आग्नेयेला असावं हे आपल्याकडे श्रद्धेने सांगतात. या भागातला वाराही तेच सांगतो. पण शेजारी डोंगराची सोंड, दाट झाडी किंवा उंच ऊस असेल तर वारा वळतो. म्हणून शेवटचा निर्णय तुमच्या कागदावरच्या बाणांचा.

त्याच वेळी आणखी तीन गोष्टी तपासा. वरून विजेची तार जात नाही ना? कडब्याची गंजी, उसाचं वाळलेलं पाचट किंवा गवताचा गोठा किमान ४० फूट लांब आहे ना? आणि घराच्या मागच्या दारापासून शेड १५ ते २५ फुटांत येते ना? त्याहून लांब गेली तर ताटं-वाट्यांच्या फेऱ्या वाढतात आणि बांधलेली शेड रिकामी राहते. गावठाणात किंवा शहरात बांधत असाल तर ग्रामपंचायतीकडे किंवा महापालिकेकडे आधी विचारणा करा.

२. कामांची यादी करा

घरात जे स्वयंपाक करतात त्यांनाच विचारून यादी करा. रोज काय होतं, महिन्यातून काय होतं आणि वर्षातून एकदाच काय होतं, अशा तीन ओळी पुरतात.

रोजचं म्हणजे भाकरी आणि पाणी. महिन्यातलं म्हणजे पाहुणे, मटण, शेतावरच्या माणसांचं जेवण. वर्षातलं म्हणजे कुरडया, पापड, फराळ, लग्नाआधीची दळण-कांडणं. कुरडयांचा चीक शिजवताना दोघी समोरासमोर उभ्या राहून लांब दांडा फिरवतात, त्यामुळे त्या चुलीभोवती तीन बाजूंनी वावर लागतो. यादीत जे नाही ते बांधू नका. पिझ्झाची भट्टी चित्रात छान दिसते, पण घरात मैद्याची रोटी आवडत नसेल तर ती जागा वैलाच्या, म्हणजे मागे दुसऱ्या भांड्याचं भोक असलेल्या, चुलीला द्या.

आपल्या यादीतून चार जागा निघतात : भाकरीची चूल, मोठ्या भांड्याची चूल, गॅसचा ओटा आणि मोरी.

३. आखणी

शेडची १२ फुटांची बाजू दक्षिणोत्तर ठेवा. पश्चिमेला पूर्ण लांबीची भिंत, उत्तरेला १० फुटांची भिंत, पूर्व आणि दक्षिण मोकळी.

दोन्ही चुली उत्तरेच्या भिंतीला पाठ लावून बसतील, म्हणजे बसणारी व्यक्ती उत्तरेकडे तोंड करील आणि वारा चुलीच्या तोंडाला आडवा जाईल. वारा सरळ तोंडात शिरला तर जाळ मागे पळतो आणि जळण भसाभसा संपतं. मागून आला तर धूर चेहऱ्यावर येतो. हिवाळ्यातला पूर्वेचा वारा अडवायला चुलीच्या उजव्या हाताला ३ फूट लांब आणि ३ फूट उंच अशी आडभिंत पुरते.

गॅसचा ओटा पश्चिम भिंतीला, पण दक्षिणेच्या टोकाकडे. चूल आणि गॅस यांच्यात किमान ६ फूट अंतर हवं. मोरी आग्नेय कोपऱ्यात, उताराच्या शेवटी. मधली जागा बसायला, लाटायला, निवडायला मोकळी ठेवा.

आखणी चुन्याने जमिनीवर काढा आणि विटा रचण्याआधी त्यात एकदा लटका स्वयंपाक करा. पाट ठेवा, काठवट ठेवा, हंडा उचलून चुलीपर्यंत न्या, तिथून मोरीपर्यंत या. कुठे पाय अडखळतो, कुठे दोघी एकमेकींना धडकतात ते लगेच कळतं आणि चुन्याची रेघ पुसायला पैसे पडत नाहीत.

४. पाया : काळ्या मातीशी तडजोड नको

प्रवरा, मुळा, गोदावरीच्या काठची काळी माती पिकाला सोन्यासारखी, पण बांधकामाला घातक. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं जोतं उचलून-खाली सोडून तोडते. ओट्याला दुसऱ्याच वर्षी तिरकी चीर पडते ती बहुधा यामुळेच.

म्हणून १३ बाय ११ फुटांची जागा मुरूम लागेपर्यंत खणा. अडीच-तीन फुटांत मुरूम लागला तर काळी माती सगळी काढून शेतात टाका. खड्ड्यात मुरूम एकदम ओतू नका. ६ इंचांचा थर, पाणी, धुमसाने ठोकणं, मग पुढचा थर. ठोकल्यावर मुरूम जवळजवळ चौथ्या हिश्श्याने बसतो, म्हणून खड्ड्याच्या मापापेक्षा तेवढा जास्त मागवा. काळी माती चार फुटांखालीही संपत नसेल तर गवंड्याच्या अंदाजावर न राहता स्थापत्य अभियंत्याला जागा दाखवा.

पारनेर, संगमनेरच्या माळरानावर मुरूम किंवा कातळ वरच लागतो. तिथे फुटभर खणून काम भागतं.

खांबांसाठी दीड फूट लांब-रुंद, २ फूट खोल असे सहा खड्डे घ्या. खांबाच्या तळाला आडवी सळई वेल्डिंग करून काँक्रीटमध्ये गाडा. वळवाच्या वाऱ्यात पत्रा वर खेचला जातो, तेव्हा खांब उपटू नये यासाठी ही सळई.

५. जोतं आणि जमीन

जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दीड फूट उंच. कडेला घडीव काळा दगड, आत मुरूम, त्यावर ६ इंच दगडी सोलिंग, वर ४ इंच काँक्रीट. सोलिंगच्या फटी बारीक मुरुमाने भरून पाणी मारा.

जमिनीला उतार द्या : १० फुटांना २ इंच, आग्नेय कोपऱ्याकडे. गवंड्यासमोर बादलीभर पाणी ओतून पाहा. ते वाटेत कुठे थांबलं तर तिथेच दुरुस्त करून घ्या. फरशी खडबडीतच हवी. गुळगुळीत टाइल ओल्या पायाला आणि सांडलेल्या तेलाला धोक्याची, त्यात हातात उकळतं पातेलं असतं. काँक्रीटला किमान ७ दिवस पाणी मारा. एप्रिल-मेमध्ये १० दिवस आणि वर ओली पोती.

६. भिंती आणि पत्रा

पश्चिमेची भिंत साडेसहा फूट. तिच्यावर दीड फूट मोकळं सोडून ८ फुटांवर पत्रा. पूर्वेकडे पत्रा १० फुटांवर. म्हणजे उतार पश्चिमेला, पावसाच्या बाजूला पत्रा खाली वाकलेला, आणि वर चढणारा गरम धूर पूर्वेच्या उंच, मोकळ्या बाजूने बाहेर. पश्चिमेला अडीच फूट आणि पूर्वेला २ फूट पुढावा ठेवा.

साडेचार इंची भिंत एकटी वाऱ्यापुढे टिकत नाही. दर चौथ्या थराला खांबापासून आडवी सळई काढून थरात दाबा. उत्तरेच्या भिंतीत चुलींच्या वर जाळीदार विटा बसवू नका. वारा त्यातून येऊन जाळ विस्कटतो.

चुलींवर गवताचं, ताडपत्रीचं किंवा शेडनेटचं छप्पर कधीच नको. एक ठिणगी पुरते.

पश्चिमेच्या कडेला पन्हळ लावा. या पत्र्यावर साडेपाचशे मिलीमीटर पावसात दहा हजार लिटरच्या आसपास पाणी पडतं. धुराची काजळी असल्याने ते पिण्याला नको, पण भांडी, गोठा आणि परसबागेला उपयोगी आहे. दुष्काळी तालुक्यात हे पाणी सोडून देणं परवडत नाही.

७. माणसाचं माप

गवंडी विचारतो, “काकू, ओटा किती घ्यायचा?” काकू म्हणतात, “घे की बाबा, सगळीकडे असतो तेवढा.” हे उत्तर स्वीकारू नका. काकूंना भिंतीशी सरळ उभं करा, हात कोपरात काटकोनात वाकवायला सांगा आणि कोपराच्या खाली चार ते सहा इंचांवर कोळशाने रेघ ओढा. ती ओट्याची उंची. साधारण ३१ ते ३४ इंच भरते, पण आपल्या घरातल्या बाईची रेघ हेच खरं माप.

भाकरीची चूल बसून वापरायची असेल तर तिचं जोतं ६ ते ८ इंच. गुडघे दुखत असतील तर चुलीचं जोतं १६ इंचांवर घ्या आणि बसायला १२ इंचांचा पक्का चौरंग करा. शेजारी त्याच उंचीवर काठवट ठेवायला कट्टा. मोठ्या भांड्याची चूल मात्र खालीच, एक फुटाच्या जोत्यावर. तिच्यावर दोन फुटी पातेलं चढतं आणि ढवळताना पातेल्याचा काठ कोपराच्या खाली राहायला हवा.

८. चूल : या जागेचं काळीज

धूर कमी करणाऱ्या चुलींचा विचार आपल्याकडे फार आधीपासून झाला आहे. वर्ध्याच्या मगनवाडीतून ‘मगन चूल’ आली. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांनी उभारलेल्या ‘आरती’ या संस्थेने धुराड्याची, दोन भांड्यांची ‘लक्ष्मी’ चूल महाराष्ट्रात पोचवली. या चुलींनी धूर घराबाहेर काढला. तरी अनेक घरांत पुढे त्या पडून राहिल्या : धुराडी कुणी साफ केली नाहीत, चुलीची भोकं घरच्या भांड्यांशी जुळली नाहीत, आणि भाकरीची गोष्ट वेगळीच होती.

भाकरी होताना नीट पाहा. तव्यावर टाकलेल्या भाकरीवर पाण्याचा हात फिरतो. ते पाणी सुकत आलं की ती उलटते. दुसरी बाजू शेकली की बाई चुलीतले निखारे चिमट्याने पुढे ओढते आणि भाकरी तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी, निखाऱ्यांपुढे उभी करते. आतली वाफ पापुद्रा उचलते, भाकरी टम्म फुगते, तोवर तव्यावर दुसरी पडलेली असते. म्हणजे भाकरीच्या चुलीला दोन जागा लागतात : वर तव्याची आणि पुढे निखाऱ्याची. जळण वाचावं म्हणून तोंड अगदी अरुंद केलं की ही दुसरी जागाच नाहीशी होते. आपण ती राखायची.

माप असं : तोंड ८ इंच रुंद, ७ इंच उंच. तोंडापुढे एक फूट बाय एक फूट विटांचा सपाट उंबरा, निखारे ओढायला आणि भाकरी टेकवायला. आत तळापासून २ इंचांवर लोखंडी जाळी, म्हणजे जळणाला खालून हवा मिळते आणि राख खाली पडते. जाळीपासून तव्यापर्यंत ५ ते ६ इंच. पहिलं भोक तुमच्या नेहमीच्या पातेल्यापेक्षा इंचभर लहान. मागे ४ इंची बोगदा किंचित वर चढवून वैलाकडे न्या. वैलावर आमटी किंवा पाणी आपोआप गरम राहतं. वैलाच्या मागून ४ इंची पाईप वर.

माती : चार घमेली चाळलेली पांढरी किंवा पिवळी माती, एक घमेलं भुसा, एक घमेलं शेण, माती फार चिकट असेल तर एक घमेलं वाळू. नुसती काळी माती वापरू नका, वाळताना ती तडकते. सगळं पाण्यात भिजवून पायाने तुडवा आणि तीन-चार दिवस ओल्या पोत्याखाली मुरू द्या. मग तळहाताएवढी वडी करून सावलीत वाळवा. चीर पडली तर वाळू-भुसा वाढवा, हाताने चुरली तर माती वाढवा.

विटा याच मातीत रचा. जाळाजवळ सिमेंट नको. सततच्या उष्णतेने त्यातलं पाणी जातं, ते भुगा होतं. कडप्पा आणि शहाबादी हे चुनखडीचे दगड आहेत, तेही जाळाशी टिकत नाहीत. काळा दगड वापरायचा तर पूर्ण वाळलेला; ओलावा अडकलेला दगड विस्तवात फुटून उडतो.

चूल सावलीत आठ-दहा दिवस वाळू द्या. बारीक चिरा शेणमातीने बुजवा. मग तीन दिवस रोज काटक्यांचा मंद जाळ आणि चौथ्या दिवशी पहिला स्वयंपाक.

मोठ्या चुलीला वैल नको. वर १८ इंचांचं गोल भोक, तीन बाजूंनी पक्की वीट, भांडं टेकायला तीन उंचवटे आणि त्यांच्यामधून धूर-हवा जायला बोटभर फट.

९. धुराडं

पाईप पत्र्याच्या सर्वांत जवळच्या उंच भागापेक्षा किमान २ फूट वर जायला हवा, नाहीतर वारा धूर परत खाली ढकलतो. वर टोपी, खाली टी-जोड. टी-जोडाचं झाकण काढून काजळी झाडता येते. पत्र्यातून पाईप जातो तिथे पत्र्याची गळपट्टी आणि वरून उष्णता सोसणारं सीलंट. पाईपला लाकडी वासा लागू देऊ नका. अ‍ॅस्बेस्टॉसचा जुना पाईप कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. त्याचे तंतू फुफ्फुसाला घातक असतात.

१०. गॅस, गोबरगॅस आणि वीज

सिलिंडर उभाच, शेगडीपेक्षा खालच्या पातळीवर. एल.पी.जी. हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो. म्हणून ओट्याखालच्या कप्प्याला दार लावलं तरी तळाशी दोन्ही बाजूंनी भोकं ठेवा. आयएसआय शिक्क्याची सुरक्षा नळी घ्या आणि ती ५ वर्षांनी बदला. शेगडीच्या दोन बाजूंना ९ इंचांच्या वाराआड पट्ट्या लावल्या की ज्योत विझत नाही.

संगमनेर, राहाता, राहुरी पट्ट्यात दारात चार-पाच संकरित गाई असतात. तिथे गोबरगॅसचा विचार आधी करा. २५ किलो शेणापासून साधारण एक घनमीटर गॅस मिळतो. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो शेण आणि तितकंच पाणी लागतं. त्यात लहान कुटुंबाचा रोजचा स्वयंपाक होतो आणि स्लरी शेताला जाते. शेगडी मात्र गोबरगॅसचीच घ्या, एल.पी.जी.च्या शेगडीचं जेट त्याला चालत नाही.

विजेचा एकच दिवा आणि एक प्लग पुरे. दिवा चुलीच्या थेट वर नको, बसणाऱ्याच्या डाव्या खांद्यावरून उजेड पडेल असा. बोर्डाला विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा ईएलसीबी हवाच.

११. पाण्याची वाट

२०० लिटरची टाकी पश्चिम भिंतीवर नको. तिच्यासाठी मोरीशेजारी वेगळा पक्का चौथरा करा. मोरी ३ बाय ३ फूट, कडा ४ इंच, बसून आणि उभं राहून दोन्ही प्रकारे वापरता येईल असा एक नळ खाली, एक वर.

सांडपाणी आधी जाळी लावलेल्या लहान हौदात थांबवा, म्हणजे तेल-खरकटं वेगळं होतं. तिथून ते परसबागेत न्या : अळू, केळी, कर्दळ. काळ्या मातीत शोषखड्डा पटकन भरतो, तिथे झाडंच जास्त पाणी उचलतात. मुरमाड जमिनीत ३ बाय ३ बाय ३ फुटांचा, मोठे दगड-खडी-वाळूचा शोषखड्डा चालतो. जोत्याच्या ६ फुटांच्या आत पाणी मुरू देऊ नका, नाहीतर पायाखालची माती पुन्हा फुगू लागेल.

१२. जळण

हिवरे बाजारने कुऱ्हाडबंदी पाळून आपला डोंगर हिरवा केला, हे आपल्याच जिल्ह्यात घडलं आहे. बाहेरची चूल बांधली म्हणून उभं झाड तोडायचं नाही, हा नियम घरात पहिल्या दिवशी सांगा. तुरकाट्या, पऱ्हाट्या, बाभळी-सुबाभळीच्या छाटणीच्या फांद्या, गोवऱ्या आणि पडीक जमिनीवर माजलेली वेडी बाभूळ एवढ्यावर भागतं. वेडी बाभूळ जड आणि चांगली जळते. तिचे काटे तोडून सहा महिने वाळवा. दोन लाकडं एकमेकांवर आपटल्यावर ठणठणीत आवाज आला की जळण तयार. ओलं लाकूड बरीच उष्णता स्वतःला सुकवण्यातच घालवतं आणि धूर करतं.

पाचट चुलीत घालू नका, ते भडकून विझतं, शेतातच कुजवा. कण्हेर, रुई आणि शेर यांची लाकडं स्वयंपाकाला वापरू नका, त्यांचा चीक आणि धूर विषारी असतो. चूल पेटवायला प्लास्टिक किंवा रॉकेल नको, वाळलेल्या तुरकाट्या पुरतात.

जळणाची रास शेडपासून लांब, जमिनीपासून फुटभर उंच दगडांवर आणि भिंतीपासून सुटी रचा. विंचू आणि साप अशाच राशीत आसरा घेतात. लाकूड काढताना आधी काठीने हलवा, अंधारात हात घालू नका. शेडमध्ये एका दिवसापुरतंच जळण असावं.

हुरड्याची आगटी शेडमध्ये करू नका. मोकळ्या रानात २ फूट रुंद, फुटभर खोल खड्डा घ्या आणि गोवऱ्यांच्या विस्तवात कणसं भाजा. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने हुरड्यासाठी ‘फुले उत्तरा’ आणि ‘फुले मधुर’ हे ज्वारीचे वाण दिले आहेत. बांधाकडेला चार ओळी पेरल्या तरी घरापुरतं भागतं. विस्तव राखेने झाकून सोडू नका, पाणी ओतून विझवा.

काम हातात घेताना

मुहूर्त धरताना ऋतू पाहा. पाया आणि जोतं दिवाळीनंतर, चूल माघ-फाल्गुनात आणि पत्रा वळवाच्या आधी. असं केलं तर वैशाखातल्या कुरडया नव्या चुलीवर होतात.

पुढची निगा थोडीच आहे. चुलीला आठवड्याला शेणमातीचा हात, महिन्यातून एकदा धुराडं झाडणं, पावसाळ्याआधी पत्र्याचे स्क्रू आवळणं, दर दसऱ्याला गॅसची नळी तपासणं. वाळूची बादली भरलेली आणि हाताशी.

पहिल्या महिन्यानंतर सगळ्यांनी तिथेच बसून एक प्रश्न स्वयंपाक करणारीला विचारा : काय हलवायचं? ती म्हणेल, तवा अडकवायला खिळा नाही, उंबरा दोन इंच पुढे हवा, मोरीची कडा पायाला लागते. ती जे सांगेल ते त्याच आठवड्यात करा. मातीची चूल मोडून पुन्हा घालायला एक दिवस लागतो, आणि रोज त्या जागेवर बसणाऱ्या माणसाच्या पाठीचं, डोळ्यांचं, गुडघ्यांचं मोल त्या एका दिवसापेक्षा फार मोठं आहे.